तुळसाक्कांची पाटी

तुमच्या गल्लीत पाटी नसलेलं एखादं दुकान असेलच. ते चालवणाऱ्या बाईचं नाव तुम्हाला माहीत आहे का?

चामराजपेटेत माझ्या भाड्याच्या खोलीखाली तुळसाक्कांची पिठाची गिरणी होती. दळण टाकायला आलेल्याला त्या आधी रस्त्यापलीकडे पिटाळत. "तिकडं औषधाच्या दुकानापाशी उभं राहा आणि वाचा." मग नमुन्याची पुठ्ठ्याची पाटी डोक्यावर धरून त्या शटरखाली उभ्या राहत. वर ठळक कानडीत 'तुळसाबाई हिट्टिन गिरणी', खाली बारीक अक्षरांत मराठी. कुणी "दिसत नाही" म्हटलं की पेंटरकडून नवा पुठ्ठा.

मी पुण्याहून नवा आलेलो. विचारलं, "अक्का, आपली मराठी एवढीशीच?"

"ज्यांच्या गावात दळते, त्यांना आधी दिसू दे की. खालचं माझ्यापुरतं."

नवरा होता तोवर ती 'अण्णांची गिरणी' होती. तो गेल्यावर 'अक्कांची'. पट्टा त्या चढवत, मिरची दळताना डोळे त्यांचे जळत, पण नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पिठाने छाती भरली होती. डॉक्टरांनी गिरणी बंद करायला सांगितलं होतं. "पाटीवर नाव बघते, मग करते बंद," एवढंच त्यांचं उत्तर.

पेंटर म्हणाला, "अक्का, लावून टाकू या. या रस्त्यावर कोण विचारून लावतंय?"

"दुसऱ्याच्या गावात न विचारता खिळा मारायचा नाही. आमच्या घरात ती सवय नाही."

"दुसऱ्याचं गाव? तुमचे पणजोबा इथंच जन्मले!"

"म्हणून तर जास्त विचारायचं."

वॉर्ड ऑफिसने परवानगीच्या अर्जासोबत दुकानाचा फोटो मागितला, पाटी जागेवर असलेला. परवानगीशिवाय पाटी लावायची नाही, आणि लावलेल्या पाटीच्या फोटोशिवाय परवानगी नाही! मी संतापलो. तुळसाक्का म्हणाल्या, "सरी, बरं. धरू या की." पेंटर आणि मी दोन स्टुलांवर चढून शटरवर पुठ्ठा धरला. फोटो त्यांनीच काढला.

ऑफिसातल्या साहेबांनी तो परत सरकवला. "फोटोत माणसं आहेत."

"माणसं काढली तर पाटी पडेल की हो, अण्णा," तुळसाक्का त्यांना कानडीत म्हणाल्या. शेजारचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. पुढे त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी अर्ज नव्याने करायला लावला. तोवर तुळसाक्कांना ऑफिसचा जिना चढवेना. त्या खालीच बसून राहत आणि मी वर जाई.

एका रात्रीत मी पत्रक लिहिलं, जळजळीत. ऑफिसच्या फाटकावर चिकटवणार होतो. तुळसाक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"छान लिहितोस रे. पण त्या भिंतीला विचारलंस काय?"

"अक्का, तुम्ही अशानं मराल!"

"स्वल्प थांब. होतंय."

झालं नाही. ऑक्सिजनची नळी लावून त्या आठवडाभर पडून होत्या. मी पुठ्ठा दवाखान्यात नेला आणि पलंगाच्या पायथ्याशी धरला. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "सरळ धर." मी सरळ धरला. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

मंजुरी आली तेव्हा यंत्र भंगारात गेलं होतं. तपासणीला आलेला माणूस रिकाम्या भिंतीकडे पाहून म्हणाला, "बोर्ड एल्ली?" बोर्ड कुठे आहे, हे तो मला विचारत होता.

आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. त्याची दिव्यांची पाटी एका दुपारीत लागली. परवानगी घेतली का, असं मी विचारलं तर मालक मनापासून हसला. जी व्यवस्था विचारणाऱ्याला मरेपर्यंत ताटकळत ठेवते आणि न विचारणाऱ्याकडे बघतही नाही, तिच्या शिक्क्याला मी नियम म्हणणार नाही.

तुम्ही मात्र एक करा. आज घरी जाताना त्या बिनपाटीच्या दुकानात शिरा. काही घेतलं नाही तरी चालेल. आतल्या बाईला तिचं नाव विचारा, आणि उद्यापासून तिला त्याच नावाने हाक मारा.