निळ्या कॅनला येणारा वास

थंडीत दोन दिवस तंबूत राहायला जायचं, हे ठरलं सकाळच्या फिरण्यात. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीतून आम्ही पाच जणी रोज चालायला निघतो. सगळ्यांत मोठ्या अक्का. त्यांचं माहेर धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या अलीकडे. भावाचं शेत थेट डोंगराला टेकलेलं आहे आणि बांधावर कडुनिंबाची दाट सावली आहे. तिथेच तंबू ठोकू, म्हणाल्या. गावाचं नाव मी इथे देत नाही. पुढे वाचाल तर कारण कळेलच.

कामं वाटून घेतली. सुनीता गाडी चालवणार आणि तंबूंचं बघणार, अक्का आणि बाकी दोघी खाण्याचं, आणि पाणी माझ्याकडे. माझं मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे स्वच्छतेची कामं आपोआप माझ्या गळ्यात पडतात. मीही हौसेने घेतलं. खरं सांगायचं तर या ग्रुपमध्ये मला काहीतरी करून दाखवायचं होतं, कारण लग्नानंतर या कॉलनीत मला मैत्रिणी अशा मिळाल्या त्या याच.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर पाण्याचं नीट वाचा, यात मी मेहनत केली आहे. भंगारवाल्याकडचा तेलाचा किंवा केमिकलचा रिकामा कॅन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो वास सात जन्म जात नाही. खाण्याच्या वस्तूंसाठीचा, जाड प्लॅस्टिकचा घ्या. तोंड इतकं रुंद हवं की आत हात घालून घासता येईल. एक मोठा ड्रम घेण्यापेक्षा वीस-वीस लिटरचे दोन बरे. एक फुटला तर दुसरा असतो आणि दोघींना उचलता येतो. स्टीलची टाकी छान दिसते, पण भरली की गाडीतून उतरवताना कंबर धरते. मी बाजारातून दोन निळे कॅन आणले, पांढऱ्या झाकणाचे, खाली तोटी असलेले. खानदेशात घरोघरी दिसतात तेच.

आणल्यावर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवले. सकाळी तोटी काढून, आतलं रबरी वायसर वेगळं करून घासलं. बुळबुळीतपणा तिथेच साचतो आणि नेमकं तेच कुणी काढत नाही. मग झाकण उघडं ठेवून उन्हात पालथे वाळवले. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या फिल्टरचं पाणी भरलं, एक रात्र ठेवलं आणि पिऊन पाहिलं. नवऱ्यालाही पाजलं. तो म्हणाला, पाण्यासारखं पाणी लागतंय, आता झोपू दे.

शनिवारी सकाळी निघालो. जळगाव ते धुळे रस्ता आता बरा झालाय, एरंडोल कधी गेलं कळलं नाही. पारोळ्याला चहाला थांबलो. तिथे अक्का उतरल्या आणि समोरच्या दुकानातून बाटलीबंद पाण्याचे दोन खोके घेऊन आल्या. मी म्हटलं, अहो अक्का, मागे चाळीस लिटर पाणी आहे. "असू दे गं, वाटेत लागेल," त्या म्हणाल्या. मला जरा लागलं, पण अक्कांना सगळं दुप्पट घ्यायची सवय आहे. भाजीसुद्धा त्या तशीच घेतात.

धुळ्यात शेवभाजीवर ताव मारला. हायवेवरचं साधंच हॉटेल होतं, पण रस्सा असा की नाकातून पाणी येईल. ओल्या ग्लासांतलं पाणी पोऱ्या बोटं बुडवून आणत होता आणि आम्ही सगळ्या ते गटागट प्यालो. निघताना मी बाटल्या भरायला कॅन उघडला. अक्कांनी माझ्या हातातली बाटली नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. प्लॅस्टिकचा वास येतोय म्हणाल्या. मग बाकीच्या दोघींनाही आला. सुनीताने वास घेतलाच नाही, तिने सरळ खोक्यातली बाटली उचलली.

मी हिरमुसले. गाडीत मागे बसून कॅनच्या तोंडाला नाक लावून दहा वेळा वास घेतला. मला काहीच येत नव्हता. म्हटलं, आपलं नाक दुकानात औषधांच्या वासाने मेलं असेल.

शेत मात्र दृष्ट लागण्यासारखं. एका अंगाला हरभरा, दुसऱ्या अंगाला गव्हाची ओंबी भरत आलेली, मागे तपकिरी डोंगर. अक्कांचे भाऊ, नाना, वाटच बघत होते. त्यांच्या आई, सगळे त्यांना माय म्हणतात, ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. आम्ही पाया पडलो. मायने प्रत्येकीला जवळ घेऊन नाव विचारलं. माझ्या वेळी नावावर भागलं नाही.

"बेटा, तुनं आडनाव काय शे?"

मी सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की पुढचं काही विचारावं लागत नाही. आम्ही बौद्ध. माय "हां" म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. मला त्यात नवीन काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचं असं असतं हे मी लहानपणापासून बघत आलेय, आणि अक्का तशा नाहीत याची मला खात्री होती. दर बुद्धपौर्णिमेला त्या माझ्याकडून खिरीचा डबा घेऊन जातात.

तंबू लागले आणि मी पुन्हा कॅनच्या मागे. सोडा सोबत होताच. विहिरीवरची मोटार चालू होती, त्या धारेखाली दोन्ही कॅन पुन्हा घासले, वायसर पुन्हा काढलं, हात गारठून लाल झाले. मग त्याच विहिरीचं पाणी कापडातून गाळून भरलं. क्लोरीनचे थेंब सोबत होते, पण वास नको म्हणून तेही टाकले नाहीत. (तुम्ही टाका. विहिरीच्या पाण्यात टाकायलाच हवेत.) एवढं करून संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं तेव्हा मी तांब्या भरून मध्ये ठेवला. अक्का म्हणाल्या, अजून येतोच गं. सुनीताचा हात तांब्याकडे गेला होता. तिने अक्कांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. ते मी पाहिलं, आणि तरीही मला वाटलं की दोष प्लॅस्टिकचा आहे. दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

जेवणं चालू असताना नाना घरचा एक कॅन घेऊन आले, बायांना सकाळी पाणी कमी पडायला नको म्हणून. निळा, पांढऱ्या झाकणाचा, खाली तोटी. माझ्या दोन कॅनशेजारी ठेवला आणि गेले.

सकाळी बाटल्या संपल्या होत्या. सुनीता लवकर उठली आणि तिने चुलीवर चहा ठेवला. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. चहा झकास झाला, सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले. अक्का वर दोन तांबे पाणीही प्याल्या आणि म्हणाल्या, आमच्या घरच्या पाण्याची चवच वेगळी, शहरात असं पाणी मिळत नाही. मी कॅनकडे पाहिलं. माझ्या दोन्ही कॅनच्या तोट्या मी पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळल्या होत्या, ठिबकू नयेत म्हणून. सुनीताने त्यातल्याच एकीखाली पातेलं धरलं होतं.

मी सांगणारच होते. मला आधी हसूच आलं होतं; वाटलं, आता सांगू आणि सगळ्या मिळून हसू. तेवढ्यात माय दूध घेऊन आल्या. नानांनी आणलेला कॅन त्यांनी हलवून पाहिला. तो गच्च भरलेला होता.

"आमना कॅन ते भरेलच शे," माय म्हणाल्या. "मंग चहा कोना पानीना?"

"माझ्या," मी म्हटलं.

माय ओरडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. नाना मागून येत होते, त्यांना त्यांनी शांतपणे सांगितलं, "हाऊ कॅन बठ्ठा झाडले टाकी दे. आनि भांडा घासी ल्या." नाना माझ्याकडे न बघता माझा कॅन उचलून कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायला घेऊन गेले. त्यांच्याच विहिरीचं पाणी होतं. मी फक्त भरलं होतं.

अक्का "माय, चूप बस" म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, वय झालंय तिचं, मनावर घेऊ नकोस.

मी मायकडे बघतही नव्हते. "मग वास कुठे गेला, अक्का?" मी विचारलं.

त्यांनी खांद्यावरचा हात काढला आणि कप गोळा करायला लागल्या. मायने जे केलं ते तोंडावर केलं. अक्कांनी पारोळ्यापासून सबबी सांगितल्या आणि माझ्याकडून कॅन धुवून घेतले. थंडीत, मोटारीच्या धारेखाली, मी त्यांच्या खोटेपणाचा वास घालवत बसले होते. त्याची चीड मला अजून आहे आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

परतीला पारोळ्याचा किल्ला बघायला थांबलो. बाकीच्यांनी फोटो काढले. सुनीता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की तिला काही वास आला नव्हता. मी म्हटलं, तेव्हा सांगायचं होतंस. जळगाव येईपर्यंत गाडीत गाणी चालू होती, त्यामुळे बोलायची गरज पडली नाही.

घरी आल्यावर एक डोक्यात बसलं ते खिरीच्या डब्याचं. डबा दरवेळी घासून, पुसून परत यायचा. खीर कुणी खाल्ली हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारणारही नाही.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर पुढच्या सहलीचा मेसेज आला. तंबूंचं काम माझ्याकडे आणि पाणी सुनीताकडे. कारण दिलं नव्हतं, फक्त खाली एक हसरा चेहरा. मी लिहिलं की पाणी मीच आणेन, आणि शेतावर काय झालं तेही लिहिलं, सगळ्यांना कळेल असं, ग्रुपमध्ये असलेल्या अक्कांच्या सुनेलाही. उत्तरादाखल तिघींचे अंगठे आले. मराठीत अंगठा दाखवण्याचा जो अर्थ आहे तोच मी घेतला आणि ग्रुप सोडला. आता सकाळी एकटीच चालते.

परवा अक्का दुकानात आल्या. बीपीच्या गोळ्या त्या आजही माझ्याकडूनच घेतात. चेहरा उतरलेला होता. गोळी चुकलीये सकाळची, चक्कर येतेय, म्हणाल्या. मी स्टूल पुढे केलं, पाकीट फोडून एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती मुठीत धरली. मग म्हणाल्या की घरातलं भांडण असं ग्रुपवर टाकायचं नसतं, आपण बहिणींसारख्या.

काउंटरवर माझ्या पाण्याचा जग होता. मी ग्लास भरून त्यांच्यापुढे धरला.

अक्कांनी ग्लासाकडे पाहिलं, गोळी रुमालात बांधली आणि उठल्या. "नको," म्हणाल्या. "घरी जाऊनच घेते."