डोंगरी ताडाच्या मृत्यूची खरी हकीकत

माझ्या भाच्याने कुटुंबाच्या स्मरणिकेत लिहिले आहे की, माझा डोंगरी ताड कोलशेतच्या एका अडाणी मिठागर कामगाराने मारला. हल्लीचे शेजारी म्हणतात, ठाण्याच्या उकाड्याने तो मेला. दोन्ही विधाने खोटी आहेत. एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या त्या घटनेचा साक्षीदार आता मी एकटाच उरलो आहे. भाचा तेव्हा पाळण्यात होता.

ठाण्यातल्या आमच्या घरामागच्या चिंचोळ्या परसात मी बुटक्या ताडांच्या एकोणीस कुंड्या जमवल्या होत्या. विसावा ताड नैनिताल भागात नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावाने ओल्या शेवाळात गुंडाळून आणला. पाने पंख्यासारखी, खोडावर तपकिरी केसांचे जाड आवरण. असले झाड म्हणे बर्फातही तगते. कल्याणचे एक संग्राहक गृहस्थ चारचौघांत म्हणाले, "घाटाखाली हा जगला, तर मी माझ्या कुंड्या फोडीन." तेव्हापासून मला चैन नव्हते.

झाडाने दोन उन्हाळे काढले. उकाड्याची गोष्ट तिथेच निकालात निघते. पण नंतर त्याची वाढ थांबली. ताडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेले. मी पहाटे मधला सुळका दोऱ्याने मोजी, शाळेत जाण्यापूर्वी पुन्हा मोजी. कुंडी सकाळी पूर्वेला, दुपारी मोरीजवळ, संध्याकाळी पुन्हा पूर्वेला. पत्नी वैतागून म्हणे, "अहो, त्याला एका जागी बसू तरी द्या! पाहुण्याचीसुद्धा इतकी ऊठबस करत नाहीत."

अशात कल्याणच्या गृहस्थांचे पत्र आले : येत्या रविवारी झाड पाहायला येतो.

कोकणात माझे वडील माडाच्या आळ्यात खडे मीठ घालीत आणि माड जोम धरी. माड काय, ताड काय, कूळ एकच, असा सरळ हिशेब मी केला. आमच्या गल्लीत खडे मीठ विकायला येणाऱ्या कोलशेतच्या म्हाताऱ्याकडे पायलीभर मीठ मागितले. त्याने विचारले, "मास्तर, नारलीला ना?" त्याला कुंडी दाखवायला दहा पावले लागली असती. पण मिठागरातल्या माणसाला झाडांविषयी काय विचारायचे, अशी तेव्हा माझी घमेंड होती. "हो, नारळीलाच," असे मी म्हणालो आणि तो गेल्यावर चार ओंजळी मीठ कुंडीत घातले.

रविवारी पाहुण्यांनी सुळक्याला नुसते बोट लावले, तर तो अलगद हातात आला. बुडाशी कुजलेला, आंबूस वासाचा. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारले.

"मीठवाल्यानं मीठ दिलं होतं," मी म्हणालो.

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि मी खोटे बोललो होतो. पाहुण्यांनी कल्याणभर सांगितले, तिथून ते आमच्या नातलगांत आले, आणि आता भाच्याने छापले.

पुढच्या आठवड्यात म्हातारा आला तो थेट परसात. माझे वाक्य गल्लीतही पसरले होते आणि बायका त्याचे मीठ घेईनाशा झाल्या होत्या. त्याने म्हणे मास्तरांचे झाड जाळले. त्याने चिमूटभर माती जिभेला लावून थुंकली.

"मास्तर, इतका मीठ मी मासलीला पन नाय लावत. यो झार डोंगरानचा. मना सांगाचा व्हता."

मी खाली पाहून म्हणालो, "कल्याणला पत्र लिहितो. चूक माझी आहे, असं कळवतो."

"लिवा," तो म्हणाला आणि टोपली उचलून गेला. आमच्या गल्लीत तो पुन्हा आला नाही.

पत्र लिहायला मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा पहिल्या ओळीत उन्हाळ्याविषयी लिहिले आणि कागद फाडला. मग कल्याणचे गृहस्थ वारले.

म्हणून हे आता लिहिले आहे. मीठ कुंडीत मी घातले, कोणालाही न विचारता घातले, आणि नंतर दोष त्या माणसावर जाऊ दिला. भाच्याने स्मरणिकेच्या पुढच्या आवृत्तीत त्याच्याविषयीचे वाक्य काढून हे छापावे. माझी अब्रू सांभाळण्याचे कारण पुढे करू नये. तिची काळजी घ्यायला मी अजून समर्थ आहे.