बारशाची शेवंती

पणतीच्या पाळण्याला घरचे प्लास्टिकची फुलं लावणार होते, म्हणून मीच देवासच्या बाजारात गेले. कोपऱ्यावरच्या फूलवालीला म्हटलं, “बारसं आहे, चांगली फुलं दे.”

तिनं ‘बारवां’ ऐकलं, म्हणजे मेल्याचा बारावा दिवस. तिनं डोक्यावर पदर ओढला, गुलाब बाजूला सारले आणि पांढरी शेवंती एकेक झटकून निवडू लागली.

“कौन गया, माँजी?”

“गेलं नाही कोणी, आली है! पणती!”

तिनं जीभ चावली आणि हसत गुलाब भरले.

“ती शेवंती माझ्या बाराव्याला ठेव,” मी म्हटलं.

“तब भी ऐसे ही एक-एक चुनूँगी, माँजी.”

तिचं नाव मी विचारलं नाही. ती कुठं बसते ते मात्र घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय.