बांधावरचा काटा

कोरीटच्या आमच्या शेतात कापूस वेचायला सात बायका यायच्या. सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात पडायचा आणि मजुरी सारखीच मिळायची. मी नुकताच मॅट्रिक झालेलो, शहाणपण उतू चाललेलं. कोण किती वेचतं ते कळायलाच हवं, म्हणून बांधावरच्या लिंबाला काटा टांगला आणि प्रत्येकीचं गाठोडं वेगळं तोलू लागलो.

सर्वांत हलकं गाठोडं एका म्हातारीचं भरायचं. चौथ्या दिवशी मी तिला सांगितलं, ‘‘माय, उद्यापासून येऊ नको.’’

दुसऱ्या दिवशी बाकीच्या सहाजणी तान्ही पोरं पाठीला बांधून वेचत होत्या. एरवी ती पोरं म्हातारी लिंबाखाली सांभाळायची. हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. एकीने विचारलंच, ‘‘भाऊ, पोरं सांभायानं वजन तुन्हा काटावर व्हस का?’’

संध्याकाळी काटा उतरवला आणि म्हातारीच्या दारात गेलो, उद्यापासून ये म्हणालो. तिने पाणी दिलं.

‘‘मन्हं वजन भरत नही ना, भाऊ,’’ म्हणाली. पुन्हा आली नाही.

घरात ही गोष्ट मी हसत सांगायला घेतो. सांगता सांगता तिच्या दारापर्यंत आलो की तिथेच थांबून चहा मागतो.