वाढवलेली वॉरंटी

सर्व्हिस सेंटरमध्ये मी माझ्या छोट्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या टेबलाशी एक वयस्कर जोडपं होतं. काचेपलीकडे त्यांची जुनी, ऐटदार परदेशी गाडी उभी होती. तिची वॉरंटी संपत आली होती आणि ती आणखी वाढवायची का, असं सेंटरमधली मुलगी त्यांना विचारत होती.

"इतक्या जुन्या गाडीत आता पैसे घालणं परवडत नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी आजींकडे पाहिलं. "पण हिच्या पाठीला दुसरी कुठलीच गाडी सोसत नाही. विकवतही नाही."

आजी खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी मुलीला विचारलं, "गाडी रस्त्यात बंद पडली, तर यात कुणी मदतीला येतं का?"

"येतं ना, आजी. फक्त फोन करायचा."

"मग घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या पाठीसाठी नाही. परवा घाटात तुम्ही भर उन्हात बॉनेट उघडून उभे होतात, तेव्हा हात थरथरत होते तुमचे."

फायदा-तोटा मीही मनात मांडून पाहिला होता. गाडीचं वय, पार्ट्सच्या किमती, सगळं त्यात होतं. एखादी वस्तू टिकावी असं वाटतं, तेव्हा मनात बहुतेक वेळा कुणीतरी माणूसच असतं, हे मात्र त्यात कुठे धरलं नव्हतं.

आजोबांनी वॉरंटीचा फॉर्म जवळ ओढला.

"तुला गाडीच्या आतून दिसत होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

आजींनी मान डोलावली. आजोबांनी पेन घेतलं आणि सही केली.