भिंगरीची काठी

आमच्या जावयाला अख्खा साबणाचा कारखाना भिंगरी म्हणायचा. लेकीनं घरात त्याचा विषय काढला, तेव्हा तिची आई गुपचूप गेटवरच्या रखवालदाराकडे चौकशी करून आली. रखवालदार म्हणाला, "सोन्यासारखा माणूस आहे हो, फक्त एका जागी ठरत नाही." झालं! हिनं डोक्याला हात लावला. "दर महिन्याला नोकरी बदलणारा जावई नको गं बाई!" मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. अगं, तो हॉकीबद्दल बोलत होता!

मी त्याच कारखान्यात सुतार. साबणाची खोकी ठोकायची हे पगाराचं काम, आणि कारखान्याच्या हॉकी संघाच्या काठ्या दुरुस्त करायच्या हे हौसेचं. भिंगरी साबण कापायच्या टेबलावर. तिथली फरशी कायम ओली, बुळबुळीत. नवा माणूस आठवड्यात दोनदा तरी लोटांगण घालणारच. हा मात्र पहिल्या दिवसापासून दोन्ही हातांत साबणाच्या पाट्या घेऊन अशा गिरक्या घेत निघायचा, की मी म्हटलं, याला मैदानावर न्या. साबणावर तोल सांभाळणाऱ्याला गवत म्हणजे गादीच. पुढची एकोणीस वर्षं तो सगळ्यांत पुढे खेळला. समोरचे संघ आम्हाला फेसवाले म्हणून चिडवायचे. यानं त्यांच्याच तोंडाला फेस आणला.

पण अडतिसावं लागलं आणि पाय कुरकुरायला लागले. आमच्या सामानाच्या खोलीच्या दाराला आतून आम्ही खडूनं गोलांच्या रेघा मारायचो. एके काळी त्याच्या नावापुढे हंगामाला वीस रेघा असत. त्या वर्षी तीन. हंगामातली शेवटची मोठी स्पर्धा आठ दिवसांवर आली होती आणि संघ निवडायला आम्ही तिघं बसलो : संघाला खेळ शिकवणारे मास्तर, बॉयलरचे इंजिनिअर आणि मी.

"भिंगरीला हार घाला आणि मोकळं करा," इंजिनिअर म्हणाले.

"एकोणीस वर्षांचा माणूस एका हारात गुंडाळता?" मास्तर तडकले.

"मग हार मोठा आणू की!"

दोघांचं एक एक मत पडलं आणि दोघंही माझ्याकडे वळले. "बोला, सासरेबुवा."

आता आली का पंचाईत! ठेवा म्हणावं तर जावयाची तळी उचलली म्हणणार. काढा म्हणावं तर रविवारी लेकीच्या घरी मला चहा कोण विचारणार? मी दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत मागून घेतली. खरं सांगतो, मन काढण्याकडेच झुकलं होतं. जन्मभर टोमणे ऐकण्यापेक्षा चहा गेलेला परवडला.

सुतारखात्यात परत आलो तर त्याची काठी माझ्या टेबलावर. मुठीला नवा दोरा गुंडाळायला ठेवून गेला होता. हातात घेतली आणि दोरा विसरूनच गेलो. काठी पाहिली की माणूस कसा खेळतो ते मला कळतं. पुढे खेळणारा वाकड्या टोकानं चेंडू इकडून तिकडे नाचवतो, म्हणून त्याचं टोक झिजतं. मागे राहून अडवणारा काठी जमिनीवर आडवी टाकतो, म्हणून त्याच्या दांड्याची खालची कड घासते. भिंगरीच्या काठीचं टोक दर हंगामाला पार बोथट होऊन यायचं, मी ते नीट करून पॉलिश मारून द्यायचो. या वर्षी टोकाचं पॉलिशसुद्धा उडालं नव्हतं, आणि कड मात्र सोलवटून निघाली होती!

तसाच उठून सामानाच्या खोलीत गेलो. दाराच्या अगदी खालच्या कोपऱ्यात आमच्यावर झालेले गोल लिहिलेले असत. तिकडे कोण बघतंय? मागच्या हंगामात एकोणतीस. या हंगामात अकरा. सामने तेवढेच.

"अरे लबाडा!" मी एकटाच मोठ्यानं बोललो.

पाय पुढे पळेनात, तसा हा कुणाला न सांगता मागे सरकला होता आणि गोल वाचवत होता. आणि आम्ही शहाणे, दमला म्हणून मागे राहतो असं समजून वरच्या रेघा मोजत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या कपांमध्येच मी ती काठी आडवी ठेवली. इंजिनिअर यंत्रातला माणूस, झिजलेल्या वस्तूवर त्यांचा फार विश्वास. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "ही भिंगरीचीच कशावरून?"

"मुठीखाली लेकीचं नाव कोरलंय त्यानं. माझ्या नातीचं."

"म्हणजे साक्षीदारही घरचाच!"

पण उठले, स्वतः दाराशी जाऊन वाकून कोपरा वाचला आणि गुडघे झटकत परत आले. "मिस्त्री, याला काढायचं नाही. मागे खेळवायचं."

मास्तरांचा चेहरा मात्र उतरला. "पुढची जागा सोडेल का तो?"

"सोडलीय की केव्हाच," मी म्हटलं. "आपल्यालाच पत्ता नाही."

दुपारच्या सुट्टीत यादी लागली. पुढे खेळणारे वर, मागचे खाली. भिंगरी जेवणाचा डबा घेऊन आला. सवयीनं बोट तिसऱ्या ओळीवर गेलं. तिथं पॅकिंगमधल्या नव्या गड्याचं नाव. बोट तिथंच थांबलं. मग त्यानं डबा काखोटीला मारला, त्या गड्याच्या पाठीवर थाप दिली, म्हणाला, "जप रे त्या ओळीला, फार पळवते ती," आणि गेटकडे चालायला लागला. पाठमोरा तो एकदम म्हातारा दिसला मला.

"अहो जावईबापू!" मी बोंब ठोकली. "यादी खालून वाचा, खालून!"

सगळं आवार वळून बघायला लागलं. तो परत आला, यादीपुढे उकिडवा बसला आणि बोट खालून वर नेलं. दुसऱ्याच ओळीत सापडलं नाव. उठला तेव्हा कानापर्यंत हसत होता.

"मामा, तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

"तुमच्या काठीनं. मोठी चहाडखोर आहे."

"मग तिच्या खालच्या कडेला पट्टी बांधून द्या," तो म्हणाला. "अजून दोन हंगाम तरी टिकली पाहिजे ती."

माझ्याकडची सगळ्यांत जाड कातड्याची पट्टी मी त्याच दुपारी भिजत घातली. दोन हंगाम म्हणाला होता गडी. चार पुरली, आणि रविवारचा चहाही चालू राहिला.