नानांनी औषध मारलं नाही

दोष नानांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण किस्से ऐकले की लोक नानांच्या प्रेमात पडतात आणि मी उगाच वाईट ठरतो. नाना म्हणजे माझे मोठे काका. थळच्या अलीकडे त्यांची नर्सरी. तिथे मी दोन वर्षं होतो, आणि किस्से इतके साचलेत की एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर पडतात.

मी कृषी डिप्लोमा अर्धा सोडून आलेला. पुस्तकात मित्रकीटकांवर अडीच पानं होती, ती सरांनी "घरी वाचा" म्हणून उलटली. मी घरी वाचली आणि परत वर्गात गेलोच नाही. नानांना म्हटलं, जास्वंदीच्या शेडमध्ये औषध मारू नका, मी किडीला खाणारे किडे सोडतो. नाना म्हणाले, "एक शेड. दिवाळीपर्यंत. झाडं टिकली तर शेड तुझी, न्हाय तर मी पंप काढनार."

*

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसतो. पांढरा, कापूस चिकटल्यासारखा. रस शोषून झाडाचा जीव घेतो. त्याला खाणारे भुंगे पुण्याहून यायचे, मसुराएवढे, काळे, नारिंगी डोक्याचे. पहिलं खोकं घ्यायला अलिबागला गेलो, तर कुरिअरवाला म्हणाला, "काय हाय आत?"

"किडे."

"जिवंत?"

"मेलेले कशाला मागवू?"

त्याने खोकं काउंटरवर ठेवलं, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "सही र्‍हाऊ दे. तू जा."

*

नाना रोज सकाळी अंघोळ झाली की शेडच्या दारात मुंग्यांना साखर घालायचे. पुण्य लागतं म्हणे. आता मुंग्या आणि पिठ्या ढेकूण म्हणजे एकाच घरची माणसं. ढेकणाचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि बदल्यात भुंग्यांना हाकलतात. मी हे नानांना तीन वेळा सांगितलं. तिसर्‍यांदा ते म्हणाले, "तुझे किडे पगारी. माझ्या मुंग्या देवाच्या."

शेवटी सुनंदामावशीने तोडगा काढला. मावशी तिथली सगळ्यात जुनी कामगार. तिने साखरेची जागाच हलवली, पार कुंपणापलीकडे, नारळाखाली. नानांना सांगितलं, "तिकडं मुंग्या जास्ती हायत, पुन्य पन जास्ती." दुसर्‍या दिवसापासून नाना नारळाखाली. माझी अडीच पानं हरली, मावशी जिंकली.

*

शेडमध्ये पिवळे चिकट सापळे टांगलेले असायचे. दर सोमवारी त्यावरची कीड मोजायची. मावशी बोलणार, मी लिहिणार. एकदा कृषी खात्याचे साहेब पाहणीला आले. सापळा बघायला वाकले, मग मोबाइल वाजला म्हणून ताठ झाले आणि डोक्याचे केस वरच्या सापळ्याला चिकटले. नाना ओढायला गेले, साहेब ओरडले, नानांनी अजून जोरात ओढलं.

सोमवारी मावशी सापळ्यापुढे उभी राहून शांतपणे म्हणाली, "पांढरी माशी चाळीस. मावा धा. साहेब, थोडेसे."

मी हसून खाली बसलो होतो. सकाळची सातची वेळ, वरून हिरव्या जाळीतून उतरणारा उजेड, मावशीच्या डब्यातली तांदळाची भाकरी. तेवढं सुख मला नंतर कुठल्या जागेत मिळालं नाही, आणि त्या वेळी कोणी सांगितलंही नाही की हे सुख आहे.

*

बंगलेवाल्या एक बाई मुंबईहून आल्या. पानावर भुंगा बघून म्हणाल्या, "यावर किडे आहेत."

मी समजावायला तोंड उघडणार, तोवर नाना पुढे. "मॅडम, झाडाचे पैसे. किडे फ्री."

बाईंनी सहा झाडं नेली. आयुष्यात माझ्या भुंग्यांची नानांनी केलेली ही एकमेव शिफारस.

*

ऑक्टोबरात मामेबहिणीच्या साखरपुड्याला म्हसळ्याला गेलो, तीन दिवस. जाताना नानांना शेडमध्ये नेऊन दाखवलं. भुंग्यांची पिल्लं निघाली होती. ही पिल्लं दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी, तशीच पांढरी, तसाच कापूस अंगावर. फक्त मोठी, आणि भराभरा चालणारी. एकेक पिल्लू शेकड्याने ढेकूण खातं. नानांना म्हटलं, "ही आपली. हात लावू नका." नाना मोबाइल बघत "व्हय व्हय" म्हणाले. मोठी माणसं आपलं ऐकतात असं वाटण्याचं माझं वय तेव्हा उलटलेलं होतं, तरी मी निघालो.

तिसर्‍या दिवशी फोन आला. नाना खुशीत. "निल्या, तुझा ढेकूण चालाया लागला होता. येवढा येवढा झालेला."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "औषध मारलंत?"

"न्हाय रे. शबूद दिला होता ना तुला. चार बाया लावल्या, बादलीत साबनाचं पानी, हातात जुने टूथब्रश. मावशी नको नको करत होती, तिला घरी धाडली. दोन दिवस मी सोता उभा राहून एकेक टिपून घेतला. जे चालत होते ते सगळे गेले. बारके हायत थोडे, ते जाग्यावरच बसून असतात, ते काय करनार."

आठवड्याभरात जास्वंद पांढरी झाली. नानांनी दिवाळीच्या आधी पंप काढला. माझी शेड गेली. मी आता न्हावा शेव्याला गेटवर ट्रकांचे नंबर लिहितो.